दोन नद्यांचे दोन पाठ

अमेरिकेतली क्लिंच नदी व्हर्जिनियातून टेनेसी राज्यात उतरते. वसंत सरता सरता तिथल्या उथळ, खळाळत्या पाण्यात, गोट्यांमध्ये रुतून बसलेली एक मादी शिंपली आपलं कवच उघडते. आतली निळसर पांढरी त्वचा लखलखते आणि तिच्यावरची इवली टोकं अळीसारखी हलू लागतात. बोटाएवढा डार्टर मासा खाऊ समजून तोंड घालतो, तोच कवच मिटतं. माशाचं डोकं आत अडकतं.

इथेच थांबलं तर रस भयानक वाटेल. पण शिंपली मासा खात नाही. पाणी गाळून त्यातल्या सूक्ष्म कणांवर ती जगते. अडकलेल्या माशाच्या कल्ल्यांवर ती आपली डोळ्यांना जेमतेम दिसणारी पिल्लं सोडते आणि मग त्याला मोकळं करते. काही आठवडे पिल्लं कल्ल्यांना धरून राहतात, शिंपल्याचं रूप घेतात आणि तळाशी गळून पडतात. जिला स्वतःला फारसं हलता येत नाही, त्या आईने लेकरं दुसऱ्याच्या कडेवर दिलेली असतात. भयानकाच्या पोटातून वत्सल उमलावा, अशी ही रचना आहे. पकड जितकी घट्ट, तितकी माया खोल.

या शिंपल्याला आयझॅक ली यांनी १८३४ मध्ये शास्त्रीय नाव दिलं: एपिओब्लास्मा कॅप्सीफॉर्मिस. टेनेसीतल्याच डक नदीतही हाच शिंपला राहतो, असं दीर्घकाळ मानलं गेलं. कवच बाहेरून बरंचसं सारखं. पण डक नदीतली मादी कवच उघडते तेव्हा आतली त्वचा निळसर पांढरी नसते, गडद जांभळट असते. जुनी पोथी हाताळणारा अशा जागी थबकतो. हा नुसता पाठभेद, की मुळात ग्रंथच निराळा?

जेस जोन्स, रिचर्ड नेव्ह्ज, स्टीव्हन आल्स्टेड आणि एरिक हॅलरमन यांच्या २००६ सालच्या अभ्यासाचं सौंदर्य मला इथे दिसतं. ते नुसत्या रंगावर भाळले नाहीत आणि नुसत्या डीएनएवरही विसंबले नाहीत. आईकडून येणाऱ्या मायटोकाँड्रियातल्या डीएनएची अक्षरं त्यांनी ताडून पाहिली, पेशीकेंद्रातल्या जनुकीय खुणा पाहिल्या. त्याचबरोबर पिल्लांचा आकार, त्यांना पोसणारे मासे, माशाला भुलवणाऱ्या आतल्या त्वचेचा, म्हणजे आमिषाचा रंग हेही शेजारी मांडलं. सगळे साक्षीदार एकच सांगू लागले, तेव्हाच त्यांनी निर्वाळा दिला: डक नदीतला शिंपला वेगळी जात आहे. २०१० मध्ये आल्स्टेड यांच्या सन्मानार्थ तिचं नाव एपिओब्लास्मा आल्स्टेडी ठेवलं गेलं. बोलीतलं नाव डक रिव्हर डार्टरस्नॅपर, म्हणजे डार्टरला झडप घालून धरणारी. त्या तीन शब्दांत तिची नदीही आली आणि तिची लकबही.

नावाचा हा फरक पुस्तकी नाही. संख्या वाढवण्याच्या घाईत एका नदीच्या माद्या दुसऱ्या नदीत सोडल्या, तर दोन पाठांची सरमिसळ होते आणि मग अस्सल कुठलाच उरत नाही. मोजक्याच माद्यांची हजारो पिल्लं हौदात वाढवून सोडली, तर शिंपले वाढतात, वैविध्य वाढत नाही. एकाच पानाच्या हजार प्रती काढल्या म्हणून पोथी पुरी होत नाही. म्हणून जपण्याआधी वाचावं लागतं. नीट वाचणं हीच जपणुकीची पहिली पायरी आहे, असं मला मनापासून वाटतं.

कारण पानं झपाट्याने गळताहेत. २०२३ मध्ये अमेरिकेच्या सरकारने गोड्या पाण्यातले आठ प्रकारचे शिंपले नामशेष झाल्याचं जाहीर केलं. त्यांतले सहा याच एपिओब्लास्मा गटातले. धरणांनी खळाळ बुडवले, नद्यांचे तुकडे केले, शिंपले आणि त्यांचे मासे एकमेकांना अंतरले. डक नदीवरचं कोलंबिया धरण मात्र दुर्मीळ शिंपल्यांमुळे अर्ध्यावर थांबलं आणि १९९९ मध्ये पाडलं गेलं.

नामशेष झालेल्यांची कवचं संग्रहालयात आहेत. पण आमिषाचा रंग कवचावर उमटत नाही. मऊ त्वचेबरोबर तो विरून जातो. डक नदीचा जांभळा आज वाचता येतो, तो एवढ्याचसाठी की तिथली आई अजून वाहत्या पाण्यात कवच उघडते आहे.