रिकामी अंबारी

आमच्याकडील ऐतिहासिक कादंबरी उघडावी आणि पहिल्या पन्नास पानांत अंबारी येऊ नये, असे सहसा घडत नाही. हत्ती डुलत असतो, झूल झगमगत असते आणि नायक सुवर्णाच्या अंबारीत 'विराजमान' झालेला असतो. पुढच्याच परिच्छेदात त्या अंबारीचा हौदा होतो. ग्रंथकारास दोहोंत भेद दिसत नाही. वाचकांसही बहुधा खटकत नाही. वस्तुतः भेद साधा आहे. हत्तीच्या पाठीवरील उघडे आसन तो हौदा. त्यावर खांब उभारून छत घातले म्हणजे अंबारी. शिकारीस हौदा सोयीचा, मिरवणुकीस अंबारी शोभेची. वजनाचा विचार तर कोणी करीतच नाही. म्हैसूरच्या दसऱ्यात निघणारी सोन्याची अंबारी सुमारे ७५० किलोंची आहे, आणि तो भार पेलण्याची सवय व्हावी म्हणून हत्तींच्या पाठीवर आधी वाळूच्या गोण्या लादून त्यांना चालवितात. कादंबरीतला हत्ती मात्र फुलांची परडी वाहावी तसा चालतो.

या चुका क्षम्य आहेत. आमची खरी तक्रार निराळी आहे. अंबारी हा दागिना नव्हता, ते राज्य करण्याचे एक साधन होते, आणि हीच गोष्ट आमच्या लेखकांच्या नजरेतून सुटते.

'हौदा' हा शब्द मूळ अरबी 'हौदज'. अरबांचा हौदज उंटाच्या पाठीवर असे. त्यास पडदे असत आणि आत बहुधा स्त्रिया बसत. न दिसणे हेच त्याचे प्रयोजन. तोच शब्द आमच्याकडे हत्तीच्या पाठीवर चढला आणि त्याचे प्रयोजन नेमके उलटले. हजारो डोळ्यांना एकाच वेळी दिसावे, यासाठीच राजा तेथे बसू लागला. उंटावरील आसनाची गंमत अशी की त्यात कोणी नसले तरी चाले. कैरोहून मक्केस जाणाऱ्या यात्रेकरूंच्या काफिल्याबरोबर महमल नावाची शृंगारलेली पालखी उंटावरून जात असे. तीत कोणी बसत नसे. तरीही तेराव्या शतकापासून १९२६ पर्यंत मिसरच्या सत्तेची खूण म्हणून ती मक्केस जात राहिली. हत्तीवरील आसन रिकामे दिसले, तर मात्र अनर्थ ओढवे.

१६५८ साली सामूगढच्या रणात दारा शुकोह हत्तीवरून उतरून घोड्यावर बसला. धनी पडला, असे समजून त्याची फौज फुटली. १७६१ च्या पानिपताविषयी मराठी परंपरा हेच सांगते: विश्वासराव पडले, भाऊसाहेब अंबारीतून उतरून घोड्यावर स्वार झाले, आणि रिकामी अंबारी पाहून लष्कराचा धीर सुटला. दोन्ही कथा एकाच साच्यातल्या आहेत, हे चिकित्सक वाचकाच्या ध्यानात यावयास हवे. पानिपतावर रसद तुटून आमचे लष्कर कित्येक आठवडे उपाशी होते. त्या पराभवाचे सारे खापर एका रिकाम्या आसनावर फोडणे आम्हांस पटत नाही. त्यात आपल्याच चुका झाकण्याची सोय फार आहे. तथापि कथेत तथ्य मुळीच नाही, असेही आम्ही म्हणणार नाही. शिपाई ज्याचे अन्न खातो तो धनी डोळ्यांना दिसत आहे तोवरच तो लढतो, ही त्या काळच्या फौजांची घडण होती. आमच्या कादंबऱ्यांतून भाऊसाहेब उतरतात ते केवळ वीरश्रीच्या भरात. खाली उतरताच आपण लाखभर माणसांच्या दृष्टीआड होणार, ही जाणीव त्यांच्या मनाला शिवल्याचे एकही लेखक दाखवीत नाही. नाट्य होते ते तेथेच.

इंग्रजांनी हे मर्म ओळखले होते. १९०३ च्या दरबारासाठी दिल्लीत प्रवेश करताना लॉर्ड कर्झन हत्तीवरून मिरवले. १९११ साली पंचम जॉर्ज बादशहा घोड्यावरून आले, तेव्हा गर्दीतील कित्येकांना त्यांची ओळखही पटली नाही. पुढील वर्षी, २३ डिसेंबर १९१२ रोजी, लॉर्ड हार्डिंग पुन्हा हत्तीवरून चांदणी चौकातून निघाले. ते सर्वांना दिसले, म्हणूनच त्यांच्यावर बाँबही पडला. व्हाइसरॉय जखमी होऊन वाचले. त्यांच्या पाठीमागे छत्र धरून बसलेला सेवक ठार झाला.

त्या मागच्या जागेस मराठीत खवासखाना म्हणतात. इतक्या अंबाऱ्या सजविणाऱ्या आमच्या कादंबरीकारांनी त्या जागी बसलेल्या माणसाच्या तोंडी आजवर एखादे वाक्य घातले असल्यास ते आमच्या वाचनात आलेले नाही.