सहकारी कोणी निवडावा? : इव्हान इलिच यांच्या एका भाषणाचे परीक्षण

परदेशांतून येणाऱ्या लहान सेवासंस्थांविषयी आपल्या मंडळ्यांत दोन टोकांची मते ऐकू येतात. एक पक्ष त्यांच्या आगमनाने हरखून जातो. दुसरा त्यांच्या प्रत्येक कृतीत वर्चस्वाचा डाव पाहतो. दोन्ही पक्षांनी शांतपणे वाचावे असे एक भाषण इव्हान इलिच यांनी २० एप्रिल १९६८ रोजी केले. सद्हेतू खड्ड्यात जावोत, अशा अर्थाच्या तिखट शीर्षकाने ते ओळखले जाते. श्रोते होते उत्तर अमेरिकेतील तरुण स्वयंसेवक. सुटीच्या दिवसांत मेक्सिकोच्या खेड्यांत जाऊन सेवा करावी, अशी त्यांच्या विद्यार्थी-संघटनेची योजना होती.

वक्ता सेवेचा विरोधक नव्हता. १९२६ साली व्हिएन्ना येथे जन्मलेले इलिच त्या वेळी रोमन कॅथलिक धर्मगुरू होते. न्यूयॉर्कमध्ये त्यांनी पोर्तो रिकोहून आलेल्या स्थलांतरितांत पाळकीय सेवा केली होती. १९६१ साली मेक्सिकोतील कुएर्नावाका येथे त्यांनी केंद्र उभारले. लॅटिन अमेरिकेत कामाला निघालेले धर्मसेवक व स्वयंसेवक तेथे स्पॅनिश भाषा शिकत. म्हणून हे भाषण त्रयस्थाचे नव्हे. शिक्षकाने शिष्यांची केलेली कानउघाडणी आहे.

इलिच यांचा आरोप असा : तुमचा हेतू निर्मळ असेल, परंतु तुम्ही आपल्याबरोबर आपल्या समाजाची जीवनपद्धती घेऊन जाता आणि नकळत तिचेच विक्रेते होता. ज्यांची भाषा येत नाही त्यांचे भले करू म्हणणे हे ढोंग आहे. सेवाच करावयाची असेल तर आपल्याच देशातील गरिबांत जा. तेथे निदान ते तुम्हांला कळेल अशा भाषेत नकार देऊ शकतील. मेक्सिकोत यायचे तर पाहावयास या, शिकावयास या. साहाय्य करावयास येऊ नका.

या सर्व प्रतिपादनात एक मुद्दा आम्हांस विशेष मोलाचा वाटतो. इलिच दाखवून देतात की परका स्वयंसेवक खऱ्या गरिबाशी बोलूच शकत नाही. जो त्याच्यासारखा बोलतो व वागतो त्याच्याशीच त्याचे जुळते. म्हणजे ‘स्थानिक सहकारी’ म्हणून ज्याचे नाव अहवालात येते, तो पुष्कळदा गरजेमुळे नव्हे, तर भाषेमुळे निवडलेला असतो. हे वाचताना आपल्या मंडळ्यांतील अनुभव आठवल्यावाचून राहत नाही. पाहुण्यांशी बोलावयास कोण पुढे होतो? ज्याला इंग्रजी येते तो. विहीर कोठे खणावी, शिलाईयंत्र कोणाला द्यावे, हे मग तोच सांगतो. भर उन्हात घागर वाहणारी बाई पाहुण्यांच्या छायाचित्रात असते, विचारविनिमयात नसते.

रोगाचे निदान असे अचूक असूनही उपचार मात्र अपुरा वाटतो. येऊ नका असे इलिच सांगतात. पण यावे की न यावे हे ठरविणारा त्यांच्या भाषणातही परकाच राहतो. गावकरी तेथे कोठेच बोलत नाहीत. त्यांच्या वतीने नकार देणारा वक्ताही बाहेरूनच आलेला आहे. श्रोता निरुत्तर होतो, परंतु गावात निवडीचा अधिकार कोणाकडे जावा हा प्रश्न तसाच उरतो.

या प्रश्नाचे उत्तर प्रेषितांची कृत्ये, अध्याय ६ मध्ये मिळते. अन्नवाटपात आपल्या विधवांची उपेक्षा होते अशी हेल्लेणी यहूद्यांची तक्रार आली, तेव्हा प्रेषितांनी काम सोडून दिले नाही आणि आपल्या मर्जीतली माणसेही नेमली नाहीत. त्यांनी अटी सांगितल्या, निवड शिष्यसमुदायावर सोपविली, आणि निवडलेल्यांवर हात ठेवले. त्या सातही जणांची नावे ग्रीक आहेत. ज्यांच्याकडून तक्रार आली होती, त्यांच्याच भाषेची माणसे पंगतीच्या व्यवस्थेवर आली, असे यावरून दिसते.

आधुनिक काळातील उदाहरण हवे असेल तर १९७० साली तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यात सुरू झालेल्या जामखेडच्या कार्याकडे पाहावे. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांना परदेशी शिक्षणाचा व परदेशी साहाय्याचा लाभ झाला होता. इलिच यांचा नकार शब्दशः पाळला असता तर ते साहाय्यही थांबले असते. परंतु तेथे गावोगावच्या आरोग्यसेविका गावांनीच निवडल्या. त्यांतील पुष्कळ निरक्षर होत्या, कित्येक दलित समाजातील होत्या. त्या नियमितपणे जामखेडला येऊन शिकत आणि शिकलेले आपल्या गावात नेत. १९७९ साली आरोळे दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला. परंतु बाळंतिणीच्या उशाशी रात्री जागणारी बाई त्याच गावची होती, हे त्या कार्याचे खरे मर्म होय.

तेव्हा इलिच यांचे भाषण इशारा म्हणून स्वीकारावे, नियम म्हणून नव्हे. पुढील खेपेस एखादी सेवासंस्था पाळकाच्या दारी येईल, तेव्हा ‘आमच्यासाठी काय आणले?’ हा प्रश्न त्याने मागे ठेवावा. ज्यांच्यासाठी हे काम आहे त्यांना एकत्र बसवावे, त्यांच्या बोलीत योजना समजावून द्यावी, प्रमुख त्यांनाच निवडू द्यावा आणि ‘नको’ म्हणण्याची मोकळीकही द्यावी. यात पाळकाचा स्वतःचा मान थोडा कमी होईल. पाहुण्यांशी बोलणारा तो एकटाच राहणार नाही. इलिच यांनी परक्या स्वयंसेवकाकडे ज्या त्यागाची मागणी केली, त्याच त्यागाची मागणी येथे आपल्याकडे होत आहे. आणि ती मान्य केल्यावाचून त्या स्वयंसेवकांना दोष देण्याचा अधिकार आपणांस पोहोचत नाही.