'हातकागद' म्हणजे नक्की कोणाचा हात? नाताळच्या एका टॅगची समीक्षा

मंडळी, समीक्षा म्हटलं की आपल्याला पुस्तक, नाटक किंवा सिनेमा आठवतो. पण संशोधनाच्या तयारीत असाल तर एक सवय आत्तापासून लावून घ्या. ज्या ज्या गोष्टीवर काही दावा लिहिलेला असतो, तिची समीक्षा करता येते. पुस्तकाची करता येते तशी तळहाताएवढ्या कागदाच्या तुकड्याचीही. आज तोच तुकडा घेऊ.

डिसेंबरात भेटवस्तूंच्या दुकानांत आणि प्रदर्शनांत हातकागदाचे टॅग दिसतात. तारा, घंटा, पान किंवा झाडाच्या आकाराचा जाड कागद, वर एक भोक, भोकात सुतळी. भेटीवर बांधायचा, नाव लिहायचं, आणि भेट उघडून झाली की तोच टॅग नाताळच्या झाडावर टांगायचा. म्हणजे चिठ्ठीही तोच आणि दागिनाही तोच. पाकिटावर साधारण तीन दावे असतात: हा हातकागद आहे, याचा दुहेरी उपयोग आहे, आणि हा पर्यावरणपूरक आहे. तिसरा दावा तपासायचा तर पाणी, रंग, वाहतूक असा वेगळा हिशोब मांडावा लागेल, म्हणून तो आज बाजूला ठेवतो. याला व्याप्ती ठरवणं म्हणतात. सायनॉप्सिसमध्ये नेमकं हेच राहून जातं.

दुहेरी उपयोग: दोन कामं, दोन वेगळ्या मागण्या

चिठ्ठीला काय लागतं? लिहिता येईल असा पृष्ठभाग. हातकागदाला खळ नीट दिलेली नसेल तर शाई फुटते, अक्षर पसरतं. म्हणून जुने कागदी कारागीर कागदाला खळ देऊन, वाळवून, मग गुळगुळीत दगडाने घोटत असत. घोटलेल्या कागदावर बोरू अडखळत नाही.

दागिन्याला काय लागतं? नेमकं उलटं. खडबडीत पोत, कडेला निघालेले तंतू, मध्ये दाबलेली पाकळी, उजेडात दिसणारा कमीजास्त जाडपणा. म्हणजे चिठ्ठी म्हणून कागद जितका चांगला, तितकी दागिना म्हणून त्याची मजा कमी. बाजारातले बहुतेक टॅग इथे दागिन्याच्या बाजूने झुकतात. दिसायला देखणे असतात, पण शाईच्या पेनाने नाव लिहायला गेलं की अक्षराचा डाग होतो.

दुसरा प्रश्न नावाचा. 'प्रति' आणि 'कडून' या रेघा बहुधा दर्शनी बाजूलाच छापलेल्या असतात. टॅग पुढच्या वर्षी टांगला की दागिन्यावर गेल्या वर्षीचा पत्ता दिसतो. काहींना ती आठवण हवी असेल, काहींना नको असेल. चांगल्या टॅगमध्ये ही निवड घेणाऱ्याकडे असते: नाव मागच्या बाजूला, किंवा वेगळ्या पट्टीवर, जी काढून टाकता येते.

तिसरी गोष्ट भोकाची. भेटीवर टॅग दोन दिवस राहतो, झाडावर दोन आठवडे, आणि पुढच्या वर्षी पुन्हा. भोक कडेच्या फार जवळ असेल तर कागद तिथूनच फाटतो. मागून कागदाची एक छोटी गोल चकती चिकटवली तरी काम भागतं. ज्याने ती चकती लावली आहे त्याने दुसऱ्या वर्षाचा विचार केला आहे, एवढं त्यावरून सरळ कळतं. 'दुहेरी उपयोग' हा दावा मी तरी पाकिटावर वाचत नाही, भोकात वाचतो.

हातकागद: शब्दाचे दोन अर्थ

आता मूळ मुद्दा. 'हाताने केलेला कागदाचा टॅग' आणि 'हाताने केलेल्या कागदाचा टॅग' या दोन वेगळ्या वस्तू आहेत. पहिल्यात कागद गिरणीचा असू शकतो, हात फक्त कापण्या-चिकटवण्याचा. दुसऱ्यात कागदच हाताने उचललेला, कापणी मग यंत्राची असली तरी. 'हँडमेड पेपर टॅग' असं छापलं की दोन्ही अर्थ एकाच शब्दात बसतात, आणि विकणाऱ्याला खोटंही बोलावं लागत नाही.

संशोधनात याला व्याख्येचा घोटाळा म्हणायचं. व्याख्या न ठरवता मोजायला बसलात तर दोन वेगळ्या गोष्टींची एकच बेरीज होईल.

वस्तूवरून ओळखता येतं का? थोडंफार येतं. यंत्रावरच्या कागदात तंतू बरेचसे एकाच दिशेने लागतात. साच्यात लगदा उचलून हलवणाऱ्या कारागिराच्या कागदात ते सगळीकडे पसरतात. म्हणून कागदाच्या दोन पट्ट्या घ्या, एक उभी कापलेली, एक आडवी. दोन्ही फाडून बघा. यंत्राचा कागद एका दिशेने सरळ फाटतो, दुसऱ्या दिशेने वेडावाकडा. हाताच्या कागदात हा फरक फार कमी असतो. पट्टीच्या एकाच बाजूला पाणी लावलंत तर ती कशी वळते यावरूनही दिशा कळते. कडेला निघालेल्या तंतूंवर मात्र भरवसा ठेवू नका. अशी कडा कागद ओला करून, फाडून सहज करता येते, आणि सिलिंडर साच्याच्या यंत्रावरही मिळते.

पण ही चाचणी फक्त कागदाबद्दल सांगते, माणसाबद्दल काहीच नाही. तिथे इतिहासाकडे जावं लागतं.

दौलताबादी कागद आणि पुण्याची संस्था

आपल्या मराठवाड्यातच, दौलताबाद आणि खुलताबादच्या मध्ये कागजीपुरा नावाचं गाव आहे. मुहम्मद बिन तुघलकाने 1327 च्या सुमाराला राजधानी दिल्लीहून देवगिरीला आणली, तेव्हा कागद करणारे कारागीर इथे आले, असं परंपरा सांगते. परंपरा सांगते आणि कागदपत्र सांगतात, यातला फरक आपल्या लेखनात दिसलाच पाहिजे. मात्र दौलताबादी आणि जुन्नरी कागदाची नावं मराठी दप्तरांच्या अभ्यासकांना चांगली ओळखीची आहेत. इथे कागद ही व्यवसायाची, आडनावाची आणि गावाच्या नावाची गोष्ट होती. कागद करणारा तो कागदी.

दुसरा टप्पा विसाव्या शतकातला. गांधीजींच्या प्रेरणेने 1934 साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला, आणि त्याच्या कामात हातकागदही होता. के. बी. जोशी यांनी पुण्यात हातकागद संस्था उभारली. तिचं उद्घाटन 1940 साली पंडित नेहरूंच्या हस्ते झालं. जोशींनी कागद करण्यावर इंग्रजीत पुस्तक लिहिलं, आणि भांडारकर संस्थेच्या परशुराम कृष्ण गोडे यांचा चीनमधून भारतात कागद कसा आला यावरचा लेख त्याला जोडला गेला. कारागिरी आणि इतिहास एकाच बांधणीत, ही गोष्ट आजच्या संशोधकानेही घेण्यासारखी आहे. कापडाच्या कतरणीपासून होणारा हा कागद पुढे फायली, पाकिटं, भेटकार्डं या रूपांत शहरी घरांत गेला. आजचा टॅग याच वाटेवरचा आहे.

म्हणजे 'हात' दोन परंपरांतून येतो: एक पिढीजात कागदी, दुसरा ग्रामोद्योगातला कामगार. टॅगवर दोघांपैकी कोणीच दिसत नाही. दिसतो तो शेवटचा हात, ज्याने तारा कापला, टिकली लावली, सुतळी ओवली. त्या हाताला कमी लेखायचं कारण नाही. पण लगदा कुटणारा आणि साचा उचलणारा हात त्याच्यामागे झाकला जातो, ही या वस्तूवरची माझी मुख्य हरकत आहे.

समजा, लिंबागणेशला अभ्यास करायचा आहे

बीड तालुक्यातलं लिंबागणेश घ्या. समजा तिथल्या एका बचत गटाने नाताळच्या टॅगचं प्रशिक्षण घेतलं, आणि तुमचा विषय ठरला 'ग्रामीण महिला व हातकागद उद्योग'. पहिला प्रश्न: कागद कुठून येतो? तयार ताव बाहेरून येत असतील तर हा हातकागद उद्योग नाही, कागदी वस्तूंचा उद्योग आहे. शीर्षकच बदलावं लागेल. जिल्हा कापसाचा आहे, शिंप्याच्या दुकानात कतरण पडते, म्हणून कच्चा माल गावातच आहे असं लिहायचा मोह होईल. पण कतरण आणि कागद यांच्यामध्ये कुटण्याचं साधन, भरपूर पाणी, साचा, दाबयंत्र आणि कसबी माणूस लागतो. बीडसारख्या दुष्काळी भागात पाण्याचा प्रश्न तळटीपेत ढकलून चालणार नाही.

दुसरा प्रश्न: टांगायचा कुठे? नाताळ आपल्याकडे परका नाही. शब्द पोर्तुगीजांकडून आला तरी अहिल्यानगर (पूर्वीचं अहमदनगर) आणि जालना भागातल्या मराठी ख्रिस्ती घरांत हा सण पिढ्यान् पिढ्या आहे. पण दाराशी टांगलेला कामट्यांचा नि पतंगी कागदाचा तारा हा आपल्या आकाशकंदिलाचा सख्खा भाऊ. झाड प्रत्येक घरात असेलच असं धरून चालू नका. 'दागिना' हा शब्द वापरण्याआधी तो कोणत्या घरात, कशावर टांगला जातो ते विचारा.

तिसरा प्रश्न पैशाचा: एका टॅगच्या किमतीतले किती पैसे कागद करणाऱ्याला, किती कापणाऱ्याला, किती विकणाऱ्याला? हा तक्ता ज्या प्रबंधात असेल तो मी आधी वाचेन.

तर निकाल काय? कल्पना म्हणून टॅग चांगला आहे. फेकायची चिठ्ठी जपायची वस्तू होते, हे छोटं काम नाही. पण मागे चकती, नावाला वेगळी पट्टी, आणि 'कागद अमुक गावचा, टॅग अमुक गटाचा' अशी एक ओळ, एवढं असल्याशिवाय दोन्ही दावे अर्धेच राहतात.

या आठवड्याचा अभ्यास: घरातली 'हाताने केलेली' म्हणून घेतलेली एक वस्तू समोर ठेवा. तिच्यामागचे सगळे हात क्रमाने लिहा. जिथे 'माहीत नाही' लिहावं लागेल, तिथे तुमचा संशोधनप्रश्न असण्याची शक्यता बरीच आहे.