इर्षेला घातलेलं आवतन

एप्रिल २०१६ मध्ये देशाने लातूरला ओळखलं ते एका आगगाडीमुळे. मिरजेहून निघालेली ‘जलदूत’ १२ तारखेला पहाटे लातूरला लागली. दहा टाक्यांमध्ये पाच लाख लिटर पाणी. त्याच महिन्यात लातूरच्या शिवेला लागून असलेल्या अंबाजोगाई तालुक्यात, आणि सोबत साताऱ्यातल्या कोरेगाव व अमरावतीतल्या वरूडमध्ये, आमिर खानच्या पाणी फाउंडेशनची, गावागावांत श्रमदानाने चर खोदून पावसाचं पाणी अडवण्याची ‘सत्यमेव जयते वॉटर कप’ स्पर्धा सुरू झाली. तीन तालुके, ११६ गावं. पुढच्या वर्षी तीस तालुके झाले, त्यात लातूरचे औसा आणि निलंगाही होते. २०१८ मध्ये पंचाहत्तर. जाहिरातीच्या धंद्यात ज्याला व्हायरल होणं म्हणतात ते मराठवाड्याच्या मातीत कसं घडतं, हे पाहायचं तर ही मोहीम एखाद्या कवितेसारखी ओळीओळीने वाचावी.

पाण्यावरची नेहमीची जाहिरात आपल्याला पाठ आहे: भिंतीवर निळा थेंब आणि खाली बचतीचा उपदेश. भर उन्हात दोन घागरींसाठी टँकरमागे पळालेल्या बाईला पाण्याचं मोल सांगणं हा तिचा अपमान आहे. वॉटर कपने मोल सांगितलं नाही. शेजारच्या गावाशी सामना लावून दिला.

या सामन्याची भाषा इथल्या लोकांना शिकवावी लागत नाही. निलंगा तालुक्यातलं रामलिंग मुदगड हे १९६९ चे महाराष्ट्र केसरी हरिश्चंद्र बिराजदार यांचं गाव. नांदेड जिल्ह्यात माळेगावला खंडोबाच्या यात्रेत जनावरांचा बाजार, लावणी आणि कुस्त्यांची दंगल एकाच मुक्कामी भरते. आपला पैलवान, आपली बैलजोडी, आपलं गाव या इर्षेवर इथली माणसं रात्र-रात्र जागतात. ‘कप’ही परका नाही, टेनिस बॉल क्रिकेटच्या स्पर्धेचा एखादा तरी कप बहुतेक गावांत कुठेतरी मांडलेला असतो. पहिल्या वर्षीचं ५० लाखांचं पहिलं बक्षीस कुणा पुढाऱ्याला नव्हतं, अख्ख्या गावाला होतं. त्यामुळे ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत दुभंगलेल्या दोन्ही पार्ट्यांना एका चरावर उतरण्यासाठी मान राखणारं निमित्त मिळालं. माझ्या मते मोहिमेतली सगळ्यात बारीक जाण इथे आहे.

दुसरी जाण तारखांची. पुढच्या वर्षांत ८ एप्रिल ते २२ मे हे पंचेचाळीस दिवस ठरले. रब्बी निघालेली, खरीप दूर, रानं मोकळी. पण हाच काळ लगीनसराईचा आणि जत्रांचाही. कागदावर ही अडचण दिसते. गावांनी तिचंच बळ केलं. बाहेरगावी कामाला गेलेली पोरं लग्नाला आली की कुदळ घेऊन शिवारात गेली. अनेक ठिकाणी नवरा-नवरी मुंडावळ्या बांधून श्रमदानाला आले, वाढदिवस समतल चरांवर साजरे झाले. कित्येक गावांनी तर सकाळची वाट न पाहता रात्री बाराच्या ठोक्याला, बॅटऱ्यांच्या उजेडात पहिला घाव घातला. ही दृश्यं कुठल्या जाहिरात कंपनीने रचली नव्हती. गावाने स्वतःचा सण स्वतः ठरवला होता.

मग मोहिमेचं गाणं. ‘तुफान आलंया’ला संगीत अजय-अतुल यांचं. ‘सैराट’नंतर त्यांचा ठेका गावोगावच्या वरातीत पोचलेलाच होता, त्यामुळे हे गाणं कानाला अनोळखी वाटलं नाही. मला त्यातली कल्पना मोठी वाटते. आपल्याकडे पाऊस लांबला की पोरं अंगाला पाला बांधून दारोदार धोंडी मागत फिरतात. माणूस हात पसरतो आणि आभाळ देतं. इथलं तुफान आभाळातून येत नाही, माणसांच्या गर्दीतून उठतं. मागणाऱ्याच्या जागी पाऊस अडवायला सज्ज झालेला गाव उभा राहतो. (‘आलंया’ हा हेल लातूरपेक्षा सातारा-कोल्हापूरकडचा, पण सिनेमाने तो सगळ्यांचाच करून टाकला आहे.)

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं. दुसऱ्या वर्षीची स्पर्धा सुरू झाली तेव्हा गावातल्या पोरांच्या हातात स्वस्त इंटरनेट होतं. संध्याकाळी एका गावाने खोदलेल्या चरांचा फोटो व्हॉट्सअॅपवर पडला की सकाळी शेजारच्या गावात माणसं वाढायची. मोहिमेचा प्रसार खऱ्या अर्थाने इथे झाला. आमिर खानचा चेहरा फक्त दार उघडण्यापुरता होता. १ मे २०१८ च्या महाश्रमदानाला तो आलिया भटसह लातूर जिल्ह्यात आला, तेव्हा पाहुण्यांच्या कितीतरी आधीपासून गावांचे हात मातीत होते.

आणि गाण्यामागे शिकवणं होतं. साताऱ्याचे डॉ. अविनाश पोळ यांच्यासारख्या, आयुष्य पाणलोटाच्या कामात घातलेल्या माणसांचा सल्ला होता. गावातून निवडलेल्या बाया-पुरुषांनी प्रशिक्षणात उतार मोजायला, चराची रेषा आखायला, माथ्यापासून पायथ्यापर्यंत काम करायला शिकून घेतलं. नुसतं गाणं असतं तर एका लग्नसराईत विरून गेलं असतं.

चरांनी जे साधलं नाही तेही सांगितलं पाहिजे. अडवलेलं पाणी उसाला गेलं तर विहीर पुन्हा तळ दाखवते, आणि मांजरा खोऱ्यात ऊस हा पिकाइतकाच कारखान्याचा आणि राजकारणाचा प्रश्न आहे. इर्षा एका उन्हाळ्यात डोंगर खोदते. पीक बदलायला वर्षानुवर्षांचा हिशेब लागतो. २०२२ मध्ये पाणी फाउंडेशनने ‘फार्मर कप’ सुरू केला. त्यात गावाऐवजी शेतकऱ्यांचे गट उतरतात, एकत्र पेरतात, आणि खर्च व उत्पन्नाच्या नोंदी ठेवतात.