आधीं चेंडू, मग वर्तुळ

मुलांस आकारांची ओळख करून देणारीं चित्रमय पुस्तकें हल्लीं पुष्कळ घरांत दिसतात. त्यांपैकीं एक परवां माझ्या नातवानें माझ्यापुढें आणून ठेवलें. पहिल्या पानावर वर्तुळ काढलेलें असून त्याच्या शेजारीं चेंडूचें चित्र होतें. ‘आजोबा, दोन्ही गोलच ना?’ असें त्यानें विचारलें. ‘हो’ म्हणून मी मोकळा झालों. पण मागाहून मनाला रुखरुख लागली. तीस वर्षें अध्यापन केलेल्या मनुष्यानें इतकें ढिलें उत्तर द्यावयास नको होतें.

दोष केवळ माझा किंवा पुस्तकाचा नाहीं. थोडासा आपल्या बोलीचाही आहे. पोळी गोल, बांगडी गोल आणि लाडूही गोल. पाट चौकोनी आणि खोकाही चौकोनी. शास्त्रीय परिभाषेंत वर्तुळ आणि गोल, चौरस आणि घन हे भेद स्पष्ट आहेत. व्यवहारांत मात्र एकाच शब्दावर दोन्ही कामें भागतात. जो भेद शब्द दाखवीत नाहीं, तो हातानेंच शिकविला पाहिजे.

नेमकें हेंच या पुस्तकांत घडत नाहीं. त्यांचा क्रम युक्लिडचा आहे. युक्लिडनें आपल्या ग्रंथाचा आरंभ बिंदूच्या व्याख्येनें केला. पुढें रेषा, मग पृष्ठभाग. घनाकृतींची पाळी अकराव्या भागांत येते. सिद्धान्त रचणाऱ्याला हा क्रम शोभतो. परंतु जाडी नसलेला चौरस ही मोठी अमूर्त कल्पना आहे. ती मुलाच्या अनुभवांत कोठेंच नाहीं. चेंडू, डबा, लाटणें हेंच त्याचें जग.

हा क्रम ज्यानें धीटपणें उलटा केला, तो जर्मनींतील बालशिक्षणाचा आचार्य फ्रोबेल (१७८२-१८५२). तरुणपणीं तो बर्लिन येथें स्फटिकांच्या संग्रहावर काम करीत असे; घनाकृतींची गोडी त्याला तेथेंच अधिक लागली असावी. त्यानें मुलांसाठीं योजिलेल्या साधनांत आधीं लोंकरीचे मऊ चेंडू, नंतर लांकडी गोल, घन व वृत्तचिती, मग आठ लहान घनांत विभागलेला एक घन असे खेळ येतात. चौरस व त्रिकोणी पातळ तुकडे त्यानंतर, काड्या त्याहून पुढें, आणि बिंदु अखेरीस. दोरीला टांगलेला घन गरगर फिरविला कीं वृत्तचितीचा भास होतो, हें मूल स्वतःच्या डोळ्यांनीं पाहतें.

फ्रोबेलचें सर्वच आम्हांस मान्य आहे असें नाहीं. गोलांत विश्वाच्या ऐक्याचें प्रतीक पाहण्याची त्याची वृत्ति मुलाच्या उपयोगाची नाहीं. चेंडू मुलाला चेंडू म्हणूनच प्रिय असतो. परंतु तत्त्वज्ञान सोडलें तरी क्रम उरतो, आणि तो खरा आहे. त्यासाठीं महागड्या पेट्याही नकोत. ताराबाई मोडकांनीं १९४५ सालीं बोर्डी येथें काम सुरू करून परिसरांतील साध्या वस्तूंवरही बालशिक्षण उभें राहतें हें दाखवून दिलें.

म्हणून दुसऱ्या दिवशीं मीं नातवाला माझें उत्तर चुकलें असें सांगितलें. काडेपेटी कागदावर ठेवून तिची एकेक बाजू आम्ही गिरविली. सहा आयत झाले. त्यांत दोन दोन सारखे निघाले. डब्याचें बूड ओल्या कणकेवर दाबलें, तेव्हां वर्तुळ उमटलें. चेंडू ठेवल्यावर एक लहानसा खळगा पडला, आणि तो बराच वेळ त्याकडे पाहत राहिला.

चित्र वाईट आहे असें माझें म्हणणें नाहीं. तें आधीं येतें, हें वाईट. आज मुलांच्या हातीं जो कांचेचा पडदा असतो, त्यावर तर लाडूही सपाटच. हातानें न पारखलेल्या गोष्टीला ‘हो’ म्हणण्याची संवय पांचव्या वर्षीं जडली, तर ती केवळ भूमितीपुरती राहत नाहीं. पुस्तककारांनीं पहिल्या पानावर एवढेंच छापावें: ‘आधीं एक चेंडू आणा.’