प्रथम नोंद आणि मूलस्थान : समुद्रपिचकाऱ्यांच्या वर्गीकरणासंबंधी

शब्दाची प्रथम नोंद जेथे सापडते तेच त्याचे मूलस्थान, असे भाषाशास्त्राचा विद्यार्थी मानीत नाही. ‘बटाटा’ मराठीत पोर्तुगिजांकडून आला. तथापि तो मूळचा पोर्तुगिजांचाही नव्हे, कॅरिबियन बेटांवरचा. प्राणिशास्त्रात मात्र हा विवेक नेहमीच पाळला गेलेला नाही, याची साक्ष समुद्रपिचकाऱ्यांच्या वर्गीकरणात मिळते.

समुद्रपिचकारी अथवा ॲसिडियन हा खडकांना, धक्क्यांना व जहाजांच्या तळांना चिकटून राहणारा पिशवीसारखा प्राणी होय. त्याचे डिंभ फार थोडा काळ पोहतात. महासागर ओलांडणे त्यांना स्वबळावर साधत नाही. जहाजांचे तळ आणि स्थलांतरित कालवे हीच त्याची वाहने. म्हणून दूरच्या बंदरात तो आढळला की, तो तेथलाच की आगंतुक, हा प्रश्न उद्भवतो.

इंग्लंडमध्ये प्लिमथ येथे १९५३ साली आढळलेल्या अशा एका प्राण्यास कार्लाइल यांनी १९५४ मध्ये नवी जाती ठरवून ‘स्टायेला मॅमिक्युलाटा’ हे नाव दिले. वस्तुतः ती हर्डमन यांनी १८८१ मध्येच वर्णिलेली, वायव्य पॅसिफिकमधील ‘स्टायेला क्लाव्हा’ होती. मिलर यांनी १९६० मध्ये हे दाखवून दिले. पुढे न्यूझीलंडमध्ये याचीच पुनरावृत्ती झाली. कॉट यांनी २००२ मध्ये ‘डायडेम्नम व्हेक्सिलम’ ही जाती वर्णिली व ती तेथील मूलनिवासी मानली; लॅम्बर्ट यांच्या २००९ मधील विवेचनाने तिचे मूळ जपानकडे असल्याचे दिसून आले.

‘सायोना इंटेस्टिनॅलिस’ची कथा याच्या उलट आहे. तेथे एका प्राण्यास दोन नावे नव्हती, एका नावाखाली दोन जाती नांदत होत्या. २०१५ मध्ये त्यांतील एक ‘सायोना रोबुस्टा’ म्हणून वेगळी ओळखली गेली. २००२ मध्ये पहिल्या नावाने प्रसिद्ध झालेला जनुकसंच या दुसरीचाच होता. नावच संदिग्ध असेल, तर देशी कोण व परकी कोण, हा प्रश्नही नीट मांडता येत नाही.

या अभ्यासकांच्या निरीक्षणात उणीव होती, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. डायडेम्नमसारख्या वसाहतींत एकेक जीव मिलिमीटरभर असतो. रंग व आकार फसवे असतात. शुक्रवाहिनीचे वेढे आणि चुनखडीच्या कंटिका सूक्ष्मदर्शकाखाली पाहाव्या लागतात. दोष आहे तो अनुमानात. ‘अन्यत्र वर्णन आढळत नाही’ हे अभ्यासकाच्या वाचनाविषयीचे विधान आहे. ‘येथलीच आहे’ हे प्राण्याच्या इतिहासाविषयीचे. पहिल्यावरून दुसरे निष्पन्न होत नाही.

कार्ल्टन यांनी १९९६ मध्ये ‘क्रिप्टोजेनिक’, म्हणजे अज्ञातमूल, अशा तिसऱ्या वर्गाचा पुरस्कार केला, त्याचे महत्त्व येथेच आहे. हा वर्ग केवळ शाब्दिक सोय नव्हे. स्टायेला व डायडेम्नम शिंपल्यांच्या शेतीवर पसरून तिचे नुकसान करतात. आगंतुकास देशी ठरविले तर त्यास आवरण्याचा आरंभकाळ हातचा जातो, आणि देशी जातीस आगंतुक ठरविले तर तिचा व्यर्थ संहार होतो. नामकरण करणाऱ्याने मूलस्थानाचा निर्णय पुराव्याविना देऊ नये, हाच या इतिहासाचा निष्कर्ष होय.