वाळवंटाचा ताळेबंद

चेकवर आकडा लिहून झाला की पुढे आडवी रेघ मारा आणि अक्षरी रकमेपुढे 'फक्त' लिहा, हे आम्ही बँकवाले गिऱ्हाइकांना जन्मभर सांगत असतो. कारण साधं आहे. रिकामी जागा दिसली की माणसाचा हात शिवशिवतो. कुणीतरी तिथे एक शून्य ठेवून देतो आणि दोनशेचे दोन हजार होतात.

हीच शिवशिव मला अमेरिकेतल्या मॉडेल रेल्वेवाल्यांच्या वाळवंटात दिसते. तिथे शून्याऐवजी निवडुंग ठेवतात, एवढाच फरक.

आता तुम्ही म्हणाल, बँकेतल्या कारकुनाने यात कशाला तोंड घालावं? मान्य. मी या छंदापायी एक खिळासुद्धा ठोकलेला नाही. जे काही पाहिलं ते छायाचित्रांत आणि फिल्मांत. पण मी बी.कॉम. आहे. ऑडिटरने कधी दुकान चालवलेलं असतं का? तरी दुकानदाराला घाम फोडतोच की नाही? समीक्षकाचं काम याहून फार वेगळं नसावं.

आधी जमेची बाजू. या मंडळींची चिकाटी पाहून आपण हात जोडावेत. एचओ नावाचं जे लोकप्रिय प्रमाण आहे, त्यात सगळं जग ८७ पट लहान होतं. रुळांमधलं अंतर साडेसोळा मिलिमीटर, सहा फुटी माणूस २१ मिलिमीटर. लाकडी सांगाड्यावर पूर्वी वर्तमानपत्राचे बोळे रचून त्यावर प्लास्टरमध्ये भिजवलेले कागद अंथरत. आता फोमचे तक्ते चिकटवून सुरीने डोंगर कोरतात. वर मातकट रंग. त्यावर माती, आणि तीसुद्धा खरी! ती उन्हात वाळवायची, किडे मरावेत म्हणून ओव्हनमध्ये भाजायची, गाळणीने चाळायची आणि लोहचुंबक फिरवून तिच्यातले लोखंडाचे कण काढायचे, नाहीतर ते इंजिनाच्या मोटारीत जाऊन बसतात. मग पांढरा डिंक पाण्यात पातळ करून, भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकून, ड्रॉपरने सोडायचा. साबण नसला तर डिंक मातीत मुरत नाही, वरच थेंब धरून बसतो. एवढं सोवळं आमच्या घरी पुरणालाही नसतं. (हे वाक्य घरी दाखवलेलं नाही.)

इतकी अस्सल माती अंथरून झाल्यावर हे गृहस्थ काय करतात? तिच्यावर हात वर केलेला सग्वारो निवडुंग उभा करतात. एक नव्हे, पंचवीस! आता सग्वारो हा सोनोरन वाळवंटाचा रहिवासी. ॲरिझोना आणि मेक्सिकोतला सोनोरा प्रांत, याबाहेर तो जवळजवळ उगवतच नाही. कॅलिफोर्नियातल्या मोहावी वाळवंटाची ओळख म्हणजे जोशुआ नावाचं झाड. मोहावीच्या गाडीमागे सग्वारो लावणं म्हणजे पाचगणीच्या टेबललँडवर नारळाची बाग लावण्यासारखं आहे. शिवाय सग्वारोला पहिला हात फुटायला पन्नास-पाऊणशे वर्षं लागतात. आमच्याकडच्या प्रमोशनपेक्षाही सावकाश. इथे पाकीट फोडलं की पाच मिनिटांत रान तयार.

दुसरी तक्रार पाण्याची. वाळवंटात पाणी कसलं, असं वाटेल. पण वाळवंटाला आकार येतो तो बराचसा पाण्यानेच. वर्षातून एखाद-दोनदा येतं आणि सगळी वसुली करून जातं. डोंगरातून निघालेला लोंढा पायथ्याशी पंख्यासारखी माती पसरतो, कोरडे ओढे खणतो. म्हणून तिथल्या खऱ्या रेल्वेला कोरड्या ठणठणीत ओढ्यांवरही पूल आणि मोऱ्या बांधाव्या लागतात. सॅन डिएगोहून ॲरिझोनाकडे जाणारा लोहमार्ग १९१९ साली पुरा झाला. १९३२ साली तिथला एक बोगदा ढासळला, तेव्हा गोट कॅनियनवर लाकडाचा प्रचंड पूल बांधून १९३३ मध्ये वाट काढली. आणि १९७६ च्या सप्टेंबरात कॅथलीन नावाचं वादळ आलं, त्याने हाच वाळवंटी मार्ग ठिकठिकाणी वाहून नेला. तेव्हा मॉडेल पाहताना मी आधी मोरी शोधतो. कोरड्या ओढ्यावर मोरी दिसली की समजावं, गृहस्थाने वाळवंट वाचलेलं आहे. सपाट वाळूवर सरळ रूळ दिसले की समजावं, फक्त सिनेमा पाहिलेला आहे.

तिसरी गोष्ट जागेची. एचओमध्ये एक मैल म्हणजे जवळपास ६१ फूट. आमच्या ब्लॉकची लांबी २२ फूट. त्यात मैलाच्या तिसऱ्या हिश्श्याहून जरासं जास्त वाळवंट मावेल, तेही पलंग बाहेर काढून. कॅलिफोर्नियातला टेहाचापीचा सुप्रसिद्ध लूप ३,७७९ फुटांचा आहे. गाडी त्यात ७७ फूट चढते, आणि पुरेशी लांब असली तर स्वतःच्याच डोक्यावरून जाते. ८७ ने भागलं तरी तो साडेत्रेचाळीस फूट भरतो. सॅन डिएगोच्या रेल्वे मॉडेल संग्रहालयात एका क्लबने या टेहाचापीचं मॉडेल उभारलंय. क्लबला ते परवडतं. एकट्यादुकट्याला जग आखडून घ्यावं लागतं. याला ते 'निवडक आकुंचन' म्हणतात. माझा आक्षेप आकुंचनाला नाही, निवडीला आहे. दोन निवडुंगांमधली मोकळी जागा आधी कापतात आणि निवडुंग सगळे ठेवतात! खऱ्या वाळवंटात पाण्याच्या टंचाईमुळे झुडपं एकमेकांपासून अंतर राखून असतात. ते अंतर म्हणजेच वाळवंट. ते काढलं की उरते ती नर्सरी.

आता शेवटचा मुद्दा, ज्यासाठी हा सगळा खटाटोप. या वाळवंटात हमखास एक गाव असतं. त्यात दारूचा गुत्ता, शेरीफ, गाढव घेतलेला सोनं-शोध्या, बैलाची कवटी. बँकही असते, दारात दरोडेखोरही असतो. आत कारकून मात्र कधी दिसला नाही! ते मी सोडून देतो, सवय आहे. पण टेहाचापीचा तो डोंगर फोडून १८७६ साली रूळ पोहोचवले ते मुख्यतः चिनी मजुरांनी. सांता फे रेल्वेच्या वाळवंटी मार्गावर पुढे कित्येक वर्षं रूळ बसवले, सांभाळले ते नावाहो गँगमननी. मी पाहिलेल्या चित्रांत खडकावरची काळपट लोहछटा अचूक असते, डब्यावरचा गंज अचूक असतो. फावडं घेतलेला माणूस नसतो. मातीला चुंबक लावणाऱ्यांनी हा हिशेब कसा सोडला? खर्चाची बाजू न लिहिता ताळेबंद जुळवला, तर त्याला आमच्याकडे अस्सल म्हणत नाहीत, दुसरं काहीतरी म्हणतात.

उपाय स्वस्त आहे. पंचवीसपैकी चोवीस निवडुंग काढा. पंचविसावा सोनोरनचा असेल तरच ठेवा. माती मोकळी राहू द्या. मोरीशेजारी, रुळाच्या कडेला, २१ मिलिमीटरचा एक माणूस फावडं देऊन उभा करा. त्याच्या चारी बाजूंना काही नसलं, की पाहणाऱ्याला पहिल्यांदा कळेल वाळवंट केवढं आहे, आणि ते रूळ तिथे आपोआप उगवलेले नाहीत.